बरं झालं, पोरगी नव्हती

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. आधी मराठी टाइपरायटर होता, आता संगणक आणि प्रिंटर. सत्तावीस वर्षं लोकांचे अर्ज, शपथपत्रं, तक्रारी टाइप करून देतो आहे. मागच्या पावसाळ्यात एक बाई चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. ओळखीतल्याच एका माणसानं मुलावर अत्याचार केला होता. पोलीस ठाण्यात ती दोन वेळा जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा ‘आपसात मिटवा, पोराचंच आहे, बोभाटा कशाला’ असं ऐकून परतली होती. आता वरच्या साहेबांना लेखी अर्ज द्यायचा होता. ती सांगत होती, मी टाइप करत होतो. मध्येच ती थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, “बरं झालं दादा, पोरगी नव्हती. पोरगी असती तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती बघा.”

मुलगा टेबलाला टेकून उभा होता. सनमायकाची कडेची सुटलेली पट्टी नखानं उचकटत होता. आईचं वाक्य ऐकलं तेव्हा त्याचं नख थांबलं.

त्या बाईला दोष द्यायला मी हे लिहीत नाही. मजुरी बुडवून ती दोनदा ठाण्यात गेली, हार न मानता तिसऱ्यांदा घराबाहेर पडली. हे भलेभले शिकलेले आईबाप करत नाहीत. ते वाक्य तिचं एकटीचं नाही, आपल्या सगळ्यांच्या घरातलं आहे. मुलीवर अत्याचार झाला की घराचं काहीतरी जातं. मुलावर झाला की कुणाचंच काही जात नाही. ज्याच्या अंगावर ते घडलं त्या जिवाचं काय झालं, हे दोन्ही हिशेबांत कुठंच धरलेलं नसतं. मुलीला लपवायचं आणि मुलाचं हसण्यावारी न्यायचं, या दोन वागणुका एकमेकींच्या उलट वाटतात. माझं म्हणणं असं की त्या एकाच खोडाच्या दोन फांद्या आहेत, आणि एक राखून दुसरी तोडता येणार नाही.

मी हे लांबून बघून लिहीत नाही.

१९८६ च्या उन्हाळ्यात मी तेरा वर्षांचा होतो. आम्ही पूर्व भागात राहायचो. पुरुष मागावर आणि बायका विड्यांवर, असाच गल्लीतल्या बहुतेक घरांचा संसार. सुट्टी लागली की आमच्या वयाची पोरं यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला जायची. मीही गेलो. माग सुरू झाले की त्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. हातवारे करायचे, नाहीतर कानाशी तोंड न्यायचं. तिथल्या एका मोठ्या कामगारानं सुताची पोती ठेवायच्या खोलीत माझ्याशी जे केलं ते लिहायची गरज नाही. एवढंच सांगतो की मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तरी कुणाला ऐकू गेलं नसतं हे खरं, पण मी ओरडलोच नाही. केसांत, पापण्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले, आणि मी समोरच्या पोत्यावरचा शिक्का वाचत उभा होतो. परत परत वाचत होतो. तो शिक्का आजही डोळ्यांसमोर येतो.

घरी वडिलांना सांगितलं. ते आधी हसले. मग मी रडतोय हे बघून चिडले. “बाईसारखं काय रडतोस बे? पोरगा आहेस की. काय झिजलं का तुझं?” दुसऱ्या दिवशी सकाळी डबा हातात देऊन त्यांनीच मला कारखान्याच्या दारात सोडलं. शाळा उघडेपर्यंत मी तिथंच कांड्या भरल्या, त्याच माणसासमोर.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या समोरच्या तेलुगू घरातल्या मुलीवर प्रसंग आला. माझ्याहून वर्षानं मोठी, आठवीत, गणितात हुशार. मला अपूर्णांक तिनंच शिकवले होते. तिची आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि तयार विड्या कारखान्यात द्यायला ही जायची. विड्या मोजून घेणाऱ्या माणसाच्या हातात सगळं असतं. कुठली विडी चांगली, कुठली खराब म्हणून बाजूला काढायची, हे तो ठरवणार, आणि त्यावर घरातल्या पैशांचा हिशेब. त्यानं तिला आतल्या बाजूला बोलावलं. ती टोपली तिथंच टाकून पळत घरी आली. रात्रीपर्यंत गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. कायद्यानं तेव्हाही मुलीच्या लग्नाचं वय अठरा होतं, ती सोळाचीही नव्हती. त्या माणसाला कुणी जाब विचारला नाही. विचारला असता तर आणखी चार लोकांना कळलं असतं, आणि विड्यांचं कामही गेलं असतं.

तिला घराबाहेर पडू दिलं नाही आणि मला घरात राहू दिलं नाही. तिची गोष्ट सगळ्यांना कळली ही तिची शिक्षा. माझी कुणालाच कळली नाही ही माझी. दोन्ही घरांतल्या माणसांचं आपापल्या लेकरांवर प्रेम होतं, याबद्दल मला आजही शंका नाही. म्हणूनच हा प्रश्न वाईट माणसांपुरता ठेवता येत नाही.

टेबलावर बसून शब्दांशी रोज गाठ पडते, म्हणून आधी शब्दांकडे बघतो. बाईवरच्या अत्याचारासाठी मराठीत काय शब्द आहेत? अब्रू लुटली. इज्जत घेतली. शीलभंग झाला. डाग लागला. प्रत्येक शब्दात काहीतरी मोलाची वस्तू चोरीला गेलेली आहे, आणि त्या वस्तूचा मालक म्हणून फिर्यादीला उभे राहतात ते बाप, भाऊ, नवरा, समाज. ज्या बाईवर गुदरलं ती त्या वस्तूची निष्काळजी राखणदार ठरते. मग तिलाच विचारलं जातं, एवढ्या उशिरा तिथं कशाला गेली होतीस, दार का उघडलंस, मोबाइल नंबर कसा गेला त्याच्याकडे? कायद्यातही ‘विनयभंग’च आहे. भारतीय दंड संहितेत तो कलम ३५४ खाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम ७४ झालं, शब्द तोच राहिला. तिच्या मर्जीविरुद्ध तिच्या अंगाला हात लावला, तर ‘मर्जी’ हा शब्द गुन्ह्याच्या नावात का नसावा?

पुरुषाच्या बाबतीत शब्दांचा दुष्काळच आहे. चाळे केले, मस्करी केली, वंगाळ वागला. त्यापुढं भाषा जात नाही. पण शिव्यांमध्ये मात्र सगळं येतं. पुरुषाला खाली दाखवायचं असेल तर ‘बांगड्या भर’ म्हणतात, ‘बायल्या’ म्हणतात. पुरुषावर बळजबरी झाली की त्याचं पुरुषपण गेलं, तो बायकांत जमा झाला, असं ऐकणारा मनात धरतो आणि सोसणाराही तेच धरून बसतो. माझ्या वडिलांनी वापरलेला शब्द बघा. बाईसारखं. मला झालेल्या इजेपेक्षा मी बाईसारखा दिसतोय याची त्यांना जास्त भीती वाटली. बाई असणं म्हणजे कमी असणं, हे ते खोड. त्याच्यामुळंच ती शाळेतून काढली गेली आणि त्याच्यामुळंच मी कामावर परत पाठवला गेलो. पुरुषाच्या तोंडाला लागलेलं कुलूप बायकांच्या अपमानातूनच घडवलेलं आहे. म्हणून पुरुषांवरच्या अत्याचाराचं बोलणं हे बायकांच्या लढ्याला छेद देणारं आहे, असं मला कधीच वाटलं नाही.

‘समाजात बदनामी होईल या भीतीने मी त्या वेळी तक्रार दिली नाही.’ हे वाक्य मी किती वेळा टाइप केलं असेल त्याची गणती नाही. तक्रारीला उशीर झाला की हे वाक्य येतं. १९९६ साली पंजाब राज्य विरुद्ध गुरमित सिंग या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा गुन्ह्यात घरची इभ्रत आणि बाईची बदनामी यांचा विचार करून घरचे लोक थांबतात, तेव्हा नुसत्या उशिरावरून तक्रार खोटी धरू नये. किती बायकांना या निकालानं तारलं असेल. तरीही एक गोष्ट मनात राहते. बाईला न्याय देतानासुद्धा आपल्याला इभ्रतीच्याच वाटेनं जावं लागलं. आणि पुरुष अशी तक्रार घेऊन आला तर त्याच्या उशिराचं कारण म्हणून लिहायला माझ्याकडे तयार वाक्य नाही. ‘लोक हसतील या भीतीने’ असं एकदा लिहून दिलं होतं. ते बघून वकीलसाहेब म्हणाले, हे काढा, हलकं वाटतं.

आता ओरडण्याबद्दल. आपल्या महाराष्ट्रातलंच प्रकरण आहे. १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. मथुरा प्रकरण म्हणून ते देशभर गाजलं. उच्च न्यायालयानं पोलिसांना दोषी धरलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, झटापटीची खूण नाही, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, तेव्हा संमती असणार, असा तो तर्क होता. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली तर न्यायालय तसंच गृहीत धरील, हे तेव्हा आलं. २०१३ साली आणखी एक वाक्य कायद्यात आलं, की अंगानं विरोध केला नाही एवढ्यावरून संमती होती असं समजू नये.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चाळीस वर्षांचा होतो. टेबल बंद करून सिद्धेश्वर तलावाच्या कडेला जाऊन बराच वेळ बसलो. सत्तावीस वर्षं मी स्वतःला विचारत आलो होतो, मी ओरडलो का नाही? भीतीनं माणूस दगड होतो. बाईही होते, पुरुषही होतो, मूल तर होतंच. बाईला विचारतात, जखम कशी नाही? पुरुषाला विचारतात, एवढा धिप्पाड असून ढकललं कसं नाहीस? प्रश्न एकच आहे. त्याचं उत्तर कायद्यानं बाईपुरतं दिलं, आणि समाजानं अजून कुणालाच दिलेलं नाही.

कायद्याचं आणखी थोडं सांगावं लागेल, कारण बहुतेकांना हे माहीतच नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा लागू आहे. अठरा वर्षांखालचं कुठलंही मूल, मुलगा, मुलगी, तृतीयपंथी, त्याच्यासाठी तो सारखाच आहे. गुन्हा करणारा पुरुष असो वा स्त्री, सारखाच. पोलिसांनी तक्रार नोंदवली नाही तर तोही त्या कायद्यात गुन्हा आहे. त्या बाईला ‘पोराचंच आहे’ म्हणून परत पाठवणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मी समजत नाही. पण तोच मुलगा अठरा पूर्ण करतो त्या दिवशी कायद्याचं हे छप्पर त्याच्या डोक्यावरून निघून जातं. न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये बलात्कार म्हणजे पुरुषानं स्त्रीवर केलेला. पूर्वी निदान ‘अनैसर्गिक’ संबंधांचं कलम ३७७ होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं त्यातला राजीखुशीचा भाग गुन्ह्यातून काढला, ते योग्यच झालं. बळजबरीचा भाग मात्र त्या निकालानं मुद्दाम ठेवला होता. नव्या संहितेत सगळं कलमच गेलं. संसदेच्या गृह खात्याच्या स्थायी समितीनं बळजबरीपुरती तरतूद ठेवा म्हणून सांगितलं होतं. ऐकलं गेलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढं गेला तेव्हा हे संसदेचं काम आहे म्हणून न्यायालयानं हात घातला नाही. म्हणजे आज विशीतल्या एखाद्या माग कामगारावर, वसतिगृहातल्या विद्यार्थ्यावर पुरुषानं अत्याचार केला, तर मारहाण, डांबून ठेवणं, बळाचा वापर अशी आजूबाजूची कलमं धुंडाळत बसायचं. झालेल्या गोष्टीचं नाव घेणारं कलमच नाही. अत्याचार सोसलेल्यांना मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना आहे, चांगली आहे, पण ती महिला आणि बालकांसाठी. प्रौढ पुरुष तिच्या दारातच जाऊ शकत नाही.

तृतीयपंथीयांचं तर याहून वाईट आहे. २०१९ च्या कायद्यात त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा वर्षं. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे जोगते आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्या पाया पडणारे आहेत, परडीत पीठ-मीठ घालणारे आहेत. त्यांच्या अंगाची किंमत कायद्यानं जास्तीत जास्त पाचवा हिस्सा ठरवली तेव्हा त्यातलं कोण बोललं?

दुसऱ्या बाजूचं मी टाळणार नाही, कारण ती बाजू खरी आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये सरकारनं बलात्काराचा कायदा बदलणारा अध्यादेश काढला तेव्हा त्यात गुन्हेगार आणि पीडित दोन्हींना स्त्री-पुरुष भेद नव्हता. स्त्री संघटनांनी त्याला विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं, बाईनं तक्रार दिली की पुरुष उलटी तक्रार देईल, आणि ज्याच्या मागं पैसा आणि गाव उभं आहे तो जिंकेल. कोर्टाच्या दारात बसणाऱ्याला ही भीती पोकळ वाटत नाही. उलट्या तक्रारी मी रोज टाइप करतो. एप्रिलमध्ये कायदा झाला तो पुन्हा पुरुष गुन्हेगार, स्त्री पीडित असाच. पण दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं जानेवारीतच मधली वाट दाखवली होती. आरोपी पुरुष, पण पीडित कोणीही. माझ्या मते तीच वाट धरायला हवी होती आणि आजही धरता येईल. मोठ्या पुरुषावर अत्याचार करणारा बहुतेक वेळा दुसरा पुरुषच असतो, जसा माझ्या वाट्याला आला. त्या पुरुषाला कलमात पकडण्यानं कुठल्या बाईचं नुकसान होतं?

आणखी एक सांगतो, आणि हे मनापासून. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरचा अत्याचार उघड झाला, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. त्या आठवड्यात माझ्या टेबलाभोवतीही तोच विषय होता. आणि तेव्हाच दोघेतिघे म्हणत होते, “पुरुषांवर होतं त्याचं कुणी बोलत नाही.” मला राग आला. वर्षभर यातल्या कुणी एका मुलाची विचारपूस केली नव्हती. बाई बोलायला लागली की पुरुषाचं दुःख आठवतं, आणि ती गप्प झाली की तेही विसरलं जातं. अशा वेळी आमचं दुःख तिच्या तोंडावर झाकण म्हणून वापरलं जातं. ज्यानं हे सोसलं आहे अशा माणसाच्या वतीनं सांगतो, आमच्या नावानं हे करू नका. देशातल्या बलात्काराच्या नोंदींमध्ये दरवर्षी नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी त्या बाईच्या ओळखीचे असतात. घरचे, शेजारचे, कामावरचे. हे वास्तव बायकांचं आहे, त्याचं वजन आमच्यामुळं कमी होत नाही. खोट्या तक्रारींचंही तेच. खोट्या फिर्यादी असतात, मी पाहिल्या आहेत, जमिनीच्या वादात तर ढिगानं पाहिल्या आहेत. पण जमीन बळकावली म्हणून आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘खोटं तर बोलत नाहीस ना’ असा कुणी करत नाही.

लग्नाच्या आतलं तर बोलूच दिलं जात नाही. बायको अठरा वर्षांच्या वरची असेल तर नवऱ्यानं केलेली बळजबरी कायद्यानं बलात्कार नाही. जुन्या संहितेतला हा अपवाद नव्या संहितेत तसाच आला. २०२२ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं यावर दोन बाजूंना गेली. पोटगीच्या आणि छळाच्या अर्जांत बायका एवढंच सांगतात, ‘रात्रीचा त्रास देतो.’ मी विचारतो, म्हणजे काय लिहू? त्या म्हणतात, तेवढंच लिहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या दर दहांतल्या जवळपास तीन बायकांनी नवऱ्याच्या हातून मारहाण किंवा बळजबरी सोसल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत ४५ टक्के बायका आणि ४४ टक्के पुरुष म्हणाले की काही कारणांसाठी नवऱ्यानं मारलं तर चालतं. बायका एक टक्का पुढं. आणि एखादा पुरुष बायकोकडून किंवा तिच्या भावांकडून मार खाऊन आला, तर तो अर्जाचं काम सांगायच्या आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघून घेतो. तिचं सोसणं म्हणजे संसार आणि त्याचं सोसणं म्हणजे करमणूक. मारणाऱ्याचा हात दोन्हीकडे मोकळाच.

मुलांच्या बाबतीत एक आकडा मात्र सांगायलाच हवा. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास प्रसिद्ध केला. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. त्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. निम्म्याहून जास्त. आणि पोक्सोच्या गंभीर कलमांखाली पोलिसांत नोंदलेली प्रकरणं बघितली तर पीडित जवळजवळ सगळ्या मुलीच. दोन्हींचं माप एक नाही, अभ्यासात हलक्या प्रकारांचीही गणना होती, हे मान्य. तरी एवढे मुलगे मध्येच कुठं गेले? मी सांगतो कुठं गेले. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाच्या शाळेत सुरक्षेवर व्याख्यान होतं. आठवी-नववीच्या मुलींना हॉलमध्ये बसवलं आणि मुलांना मैदानावर सोडलं. मुलगा घरी येऊन खुशीत सांगत होता, आज दोन तास ऑफ मिळाले, कबड्डी खेळलो. मी मुख्याध्यापकांना भेटायला गेलो. ते भले गृहस्थ आहेत, म्हणाले, “अहो, तो विषय मुलींचा आहे.” मुलींना सांगितलं, सावध राहा, एकटं जाऊ नका, ओढणी नीट घ्या. आणि ज्यांच्यापासून सावध राहायचं त्यातले काही पुढं ज्यांच्यातून तयार होणार, त्यांना काहीच सांगितलं नाही. ज्यांच्यावर आजच घडत असेल त्या मुलांनाही काही सांगितलं नाही. मुलगा ना शिकारी होऊ शकतो, ना सावज, असं धरून त्याला मैदानावर सोडलं. मैदानावरच्या त्या साठ-सत्तर पोरांमध्ये कोण काय पोटात घेऊन कबड्डी खेळत होता, कुणास ठाऊक. मी त्या रात्री माझ्या मुलाला पोत्यांच्या खोलीची गोष्ट सांगितली. त्याच्या आईलाही तेव्हाच पहिल्यांदा कळली. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. ती उठून आत गेली, पाणी घेऊन आली आणि माझ्या शेजारी बसली. बाकी काही बोलली नाही.

मला काय हवं आहे ते साधं आहे. संसदेनं अठरा वर्षांवरच्या पुरुषाला आणि तृतीयपंथीयाला पीडित म्हणून कलमात जागा द्यावी. लग्नाचा अपवाद काढावा. हे दिल्लीतलं झालं. सोलापुरातलं सोलापुरात होईल. शाळेतलं व्याख्यान मुलामुलींना एकाच हॉलमध्ये द्या. यंत्रमाग कारखान्यात आणि विड्यांच्या कारखान्यात, तालमीत, वसतिगृहात १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर लिहा, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत. आणि वार्ताहर मित्रांनो, ‘अब्रू लुटली’ लिहू नका. लुटायला ती काही पेटीतला दागिना नव्हे. तिला नको होतं आणि त्यानं केलं, एवढं लिहा. मुलगा असेल तर त्यालाही तेच लिहा.

त्या दिवशी अर्जाची प्रिंट काढून मी आईच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. मुलगाच वाचून दाखवायला लागला. चौथ्या ओळीला थांबला. सत्तावीस वर्षांच्या सवयीनं मी तिथं ‘अश्लील चाळे केले’ असं लिहिलं होतं. मी, ज्याला हे कळायला हवं होतं. त्यानं त्या शब्दांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “हे काढा.”

“मग काय लिहू?”

तो आईकडे बघत राहिला. ती म्हणाली, “सांग की रे, मी आहे.” मग त्यानं काय झालं ते सांगितलं. दोन वाक्यांत, सरळ, आवाज न चढवता. मी ती दोन वाक्यं होती तशी टाइप केली आणि नवी प्रिंट काढली. आईनं शाईच्या पॅडवर अंगठा दाबून खाली उमटवला. मुलगा कागदाकडे बघत होता.

“मी पण सही करू का?” त्यानं विचारलं.

अंगठ्याच्या शेजारी जागा होती. मी त्याला पेन दिलं.